दाण्याला कान

हे लिहायला बसण्याआधी मी खोलीतलं ज्वारीचं पोतं ओढत ओसरीवर नेऊन ठेवलं. बायको म्हणाली, "आता हे काय नवीन खूळ?" नवीन काही नाही, जुनंच आहे. पुढे मला भावाचा आकडा लिहावा लागणार आहे, आणि दाण्यासमोर भावाचा आकडा काढायचा नाही ही सवय मला झमकूमायनं लावली. ती जाऊन बरीच वर्षं झाली. सवय काही जात नाही. आमच्या गावात अजून काही घरं अशी आहेत की तुम्ही ज्वारीचा भाव विचारलात तर ते तुम्हाला आधी अंगणात घेऊन जातात.

झमकूमाय तांड्यावरची. गोरेगावच्या बाजारातून जीपनं आमच्या फाट्यावर उतरलं की उजव्या हाताला गाव आणि डाव्या हाताला मुरमाड माळ, माळावर बंजाऱ्यांचा तांडा. माझी पिठाची गिरणी नेमकी मधोमध. मी गिरणी टाकली तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, पुढे तो हिंगोली झाला. गिरणी आहे तिथंच आहे. तांड्यावरून उतरणारं प्रत्येक माणूस माझ्या दारावरून जातं, त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतं हे मला त्याच्या शेजाऱ्याच्या आधी कळतं. यात माझं काही कौतुक नाही. गिरणीवाल्याला नाक असतं, एवढंच.

उंच, काटकुळी बाई. हनुवटीवर गोंदलेले ठिपके, मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि ओढणीला जागोजाग आरसे. ती माळ उतरायची ती नेहमी भर दुपारी. त्यामुळे व्हायचं असं, की ती दिसायच्या आधी माझ्या भिंतीवर कवडसे यायचे. पट्टा फिरतोय, पिठाचा धुरळा उडतोय, आणि भिंतीवर उजेडाचे तुकडे सरकत पुढे येताहेत. मग दारात ती. अंगावर एवढ्या बांगड्या, पण चालताना आवाज म्हणून नाही. हात अंगाशी धरून चालायची. मी एकदा म्हणालो, "माय, तुझ्या बांगड्या मुक्या हायेत का?" ती म्हणाली, "त्या कामापुरत्या वाजतात." ते काम कोणतं, हे मला नंतर कळलं.

मला ती 'पिठ्या' म्हणायची. माझं नाव किसन आहे, हे तिला शेवटपर्यंत माहीत असेल असं वाटत नाही. पहिल्यांदा ती दळण घेऊन आली, तेव्हा मी काट्यावर तिचं गाठोडं ठेवलं आणि सहज विचारलं, "यंदा ज्वारी काय भावानं चालू हाय, माय?" तिनं पुढे होऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. चांगला दाबून ठेवला. मग दंडाला धरून मला बाहेर लिंबाखाली आणलं. गिऱ्हाइकं बघताहेत, इंजिन रिकामंच धडधडतंय, आणि मी लिंबाखाली उभा.

"काहून बोंबलतो?" ती म्हणाली. "त्याला ऐकू जातं."

"कुणाला?"

"दाण्याला. आपला भाव ऐकला की दाणा घरात राहत न्हाई. मंग तो उंबऱ्याकडं बघत बसतो. आज न्हाई तर उद्या, निघून जातो."

मी हसलो. ती हसली नाही. तिच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या घालून कुठून कुठं मुलूख तुडवला होता. ती सांगायची, गोण पाठीवर असली की भाव बोलायचा नाही, बोललं तर बैल जागचा हलत नाही. मोठ्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली होती, ती तिनं खाल्ली होती. मी विचारलं कशी होती, तर म्हणाली, "पोट भरायची. पर ती मुकी होती. जहाजात चढवताना भाव, उतरवताना भाव, आगगाडीत भाव. त्या दाण्यानं इतकं ऐकलेलं होतं की आत काहीच उरलं न्हवतं." माझ्या गिरणीत रेडिओ असायचा. संध्याकाळी बाजारभाव लागले आणि ती तिथं असली, की ती रेडिओ बंद करायची नाही, तेवढी तिची रीत होती. पण लोकांच्या पोत्यांची तोंडं भराभरा बांधायची. काही बायका तिचं बघून स्वतःच बांधायला लागल्या. मी वैतागायचो. पोती सोडायची-बांधायची म्हणजे माझा खोळंबा.

आता पेवाचं सांगतो. हल्लीच्या पोरांना पेव म्हटलं की प्रश्न पडतो. जमिनीत खोल खणलेलं, वर गळा चिंचोळा आणि खाली पोट मोठं असं धान्य साठवायचं कोठार, ते पेव. आत कडबा, लिंबाचा पाला अंथरायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. वर्षानुवर्षं टिकते. फक्त तिला एक वास लागतो. ओलसर, आंबूस, थोडा धुरकट. तो पेवाचा वास दुसऱ्या कशालाच येत नाही, आणि पीठ गरम असताना तर आख्खी गिरणी त्या वासानं भरते. दुसरी गोष्ट म्हणजे पेवात हवा कोंडते. एकदम आत उतरलेला माणूस परत येत नाही. म्हणून आधी दोरीला बांधून दिवा सोडतात. दिवा विझला तर थांबतात.

झमकूमायचं पेव तांड्याच्या वरच्या अंगाला होतं. ते तिच्या नवऱ्यानं, भोजूनं, स्वतः खणलं होतं. भोजूला मी बाजारात पाहिलेलं आहे. दांडगा माणूस, राकट हात, आणि उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेलेली, उसाच्या चरकात. आमच्याकडे तेव्हा धान्याचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात एका कपड्याखाली, आणि भाव बोटं दाबून सांगायचा. तोंडानं अक्षर नाही. त्या काळी एक बोट म्हणजे पायलीला एक रुपया. पायली म्हणजे आमच्याकडचं माप, चार-साडेचार किलोचं. पुढे एक बोट म्हणजे पाच रुपये झालं. महागाई बोटांतही येते. तर भोजूनं आख्खा पंजा दिला तरी तो चारच भरायचा. बाजारात त्यावरून शब्दच पडला, 'भोजूचा भाव'. म्हणजे चालू भावापेक्षा एक बोट कमी. आणि गंमत अशी की भोजू विकायचाही त्याच भावानं. लोक म्हणायचे, बोट नाही तर तो तरी काय करणार.

भोजू त्या पेवातच गेला. मी गिरणी टाकायच्या आधीची गोष्ट. घाईघाईत दिवा न सोडता उतरला. झमकूमाय तोंडाशी बसून "किती हाय?" असं विचारत होती, आणि तो खालून उत्तर देत होता. मग उत्तर यायचं थांबलं; लोकांनी दोरीनं वर काढलं, तेव्हा संपलेलं होतं. तांड्यावरचे लोक एक सांगायचे, आणि मला ते ऐकायला कधीच आवडलं नाही. भोजूला बाजेवर ठेवल्यावर ती उठून परत पेवाशी गेली, वाकली, "किती हाय?" असं विचारलं आणि कान लावून बसली. मग मान डोलावली आणि दगड ओढून घेतला.

दुसऱ्या सुगीला तिनं पेव परत भरलं. गाड्या माळावर चढताना सगळ्यांनी पाहिल्या. आणि तेव्हापासून ते सुरू झालं, ज्याच्यासाठी मी हे लिहितोय.

आषाढ-श्रावणात घरातली ज्वारी सरते. नवी यायला अजून अवकाश असतो. तेव्हा गावानं आणि तांड्यानं ज्वारी घ्यायची ती गोरेगावच्या मुरलीशेठकडून, आणि मुरलीशेठ काही धर्मादाय करायला बसलेला नव्हता. पण भाव चढवायच्या आधी त्याला माळ चढावा लागायचा. झमकूमायनं पेव उघडलं आणि स्वस्त विकलं तर त्याची पोती तशीच राहणार. म्हणून तो दरवर्षी यायचा. पेवाजवळ दोघं बसायची. ती ओढणीचा पदर दोघांच्या हातांवर टाकायची. आम्ही लांबून बघायचो. ती बोटं दाबायची. यंदा पेव उघडलं तर या भावानं. जर त्यानं घासाघीस केली, तर ती हात काढून घ्यायची आणि त्या क्षणी तिच्या बांगड्या खळ्ळकन वाजायच्या. सौदा मोडला. माळावरून खालपर्यंत ऐकू यायचं आणि इकडे बायका डब्यात किती ज्वारी उरली ते बघायला पळायच्या. बांगड्या वाजल्या नाहीत, की सौदा ठरला. मग शेठ तिच्या भावापेक्षा जरासं खालीच विकायचा आणि पेव उघडायची वेळच यायची नाही. गावाची चूल त्या दगडावर चालली होती म्हणा ना.

एके वर्षी मुरलीशेठ माळावरून उतरला तो सरळ माझ्या गिरणीत आला आणि पोत्यावर बसला. दोन तांबे पाणी प्यायला.

"किसन," तो म्हणाला, "एक विचारतो. हसू नको. बाईनं पदर टाकला. मी हात घातला. तिनं बोटं धरली. मंग वारं आलं, तिची ओढणी डोक्यावरून सरकली. तिनं दोन्ही हातांनी ओढणी सावरली."

"मग?"

"मंग माझी बोटं कुणी धरलेली होती?"

मी म्हणालो, "शेठ, उन्हाचं चढलं असंल. वर माळावर सावली न्हाई."

"व्हय, व्हय, उन्हाचंच," तो म्हणाला. पण उठता उठता त्यानं आपला पंजा माझ्यापुढे धरला आणि तर्जनी आत मुडपली. जीप लागली तसा निघून गेला. तो हात बघितल्यावर मला कसंतरीच झालं, हे कबूल करायला हरकत नाही. पण व्यापारी माणूस, नफा बुडाला की भूतं दिसतात, असं म्हणून मी पट्टा चढवला.

नव्वदीच्या मध्यावर सोयाबीन आलं. बघता बघता सगळं शिवार सोयाबीनचं झालं. पैसा बरा मिळायचा, कुणाला नावं ठेवायची? पण ज्वारी गेली. जी थोडी हायब्रीड पेरायचे ती ऐन काढणीत पावसानं काळी पडायची. जुनी दगडी ज्वारी, जिचा दाणा दाताखाली कडकन वाजायचा, ती तर दिसेनाशीच झाली. आणि त्याच सुमारास माझ्या नाकाला एक गोष्ट जाणवली. आधी तांड्यावरच्या बायका अधूनमधून लहान-लहान गाठोडी घेऊन यायच्या, कुणी काही बोलायची नाही, आणि दळताना पेवाचा वास सुटायचा. प्रत्येकीला वाटायचं आपल्या एकटीलाच मिळाली. तो वास आता यायचा थांबला. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. मी ओळखलं. ओळखून गप्प बसलो, कारण मुरलीशेठ अजून दर आषाढाला माळ चढत होता आणि ज्वारी अजून परवडत होती.

मग ते वर्ष आलं. टीव्हीवर रोज तेच. जगात तांदूळ महाग, गहू महाग, कुठल्या कुठल्या देशांत लोक रांगा लावून भांडताहेत, सरकारनं तांदूळ बाहेर पाठवायला बंदी घातली. त्याच्या थोडं आधी रेशनवर परदेशातला तांबूस गहू आला होता. दळताना त्याला कसलाच वास नव्हता. झमकूमायनं तो हातात घेऊन बघितला आणि खाली टाकला. म्हणाली, "लई ऐकून आलाय बिचारा."

तोवर मुरलीशेठ थकला होता. दुकान त्याचा मुलगा कमलेश बघायचा. हुशार पोरगा, वाईट नव्हता. एकदा गिरणीत बसून त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. तिकडं गहू चढला की इकडं गहू चढतो. गहू-तांदूळ परवडेना की लोक ज्वारीकडं वळतात. ज्वारी तर आता कुणी पेरतच नाही. मग ती चढणारच. "ह्याच्यात कुणाचा हात न्हाई, किसनकाका," तो म्हणाला. 'हात' हा शब्द त्यानं सहज वापरला होता. मोबाइलवर त्याला हिंगोलीचे, लातूरचे, अगदी मुंबईचे भाव येत होते. रुमालाखाली बोटं दाबायची म्हणजे त्याला हसू यायचं. आणि पेवाबद्दल त्याला शंका होती. त्यानं ठरवलं की सगळं पेवच विकत मागायचं, रोखीनं. बाईनं दिलं तर माल आपला. नाही देऊ शकली तर पेवात काही नाही हे गावाला कळेल, आणि मग भाव त्याच्या हातात.

दुपार होती. कमलेश जीपनं आला, सोबत दोन हमाल, आणि मागे काठी टेकत मुरलीशेठ. त्याला यायचं नव्हतं तरी आला. तांड्यावरच्या बायका जमल्या, गावातलेही वर गेले. बऱ्याच जणींच्या काखेत रिकाम्या पिशव्या होत्या, कारण आज भाव कळला की लगेच बाजारात जायचं होतं. गिरणी बंद करून मीही गेलो. त्या सगळ्या गर्दीत आत काय आहे हे मला आणि तिलाच माहीत होतं.

झमकूमाय पेवाजवळ बसली होती. पदर पुढे धरला. कमलेशनं हात पुढे केला नाही.

"आजी, तसलं मला जमत न्हाई," तो म्हणाला. "पेव उघडून दाखव. सगळी घेतो."

"सरकव दगड," ती म्हणाली. "तुझ्या हातानं सरकव. पर आकडा हितं काढू नको. तेवढं ऐक."

हमालांनी लिंपण फोडलं, दगड हातभर सरकवला. गार वाफ वर आली. दोरीला दिवा बांधून सोडला, तो गळ्याच्या खाली जाताच विझला. उतरायचा प्रश्नच मिटला. कमलेशनं मोबाइलचा उजेड टाकून बघितलं. गळ्याच्या कडा दिसल्या, खाली काळोख. बाहेर एवढं लख्ख ऊन की डोळे मिटून उघडले तरी आत काही दिसेना. तो चिडला. चारचौघांसमोर आपली फजिती होतेय असं त्याला वाटलं असावं. त्यानं तोंडाशी वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, पायलीचा भाव सांगितला.

"पंचेचाळीस," तो म्हणाला. "पंचेचाळीस देतो."

इतक्या वर्षांत त्या दगडाजवळ पहिल्यांदा कुणी भावाचा आकडा काढला होता.

आणि मग पेवातून आवाज आला. लगेच नाही, मधे जरा वेळ गेला. जाड, दमलेला, खोल.

"चाळीस."

एवढंच. कमलेश अजून वाकलेलाच होता, त्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मला दिसत होते. मागून तांड्यावरचा एक म्हातारा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "भोजूचा भाव." तेव्हा मुरलीशेठनं पुढे होऊन मुलाचा सदरा धरला आणि त्याला मागे ओढलं. त्यानं झमकूमायपुढे हात जोडले, खाली बसला, आणि स्वतःचा हात तिच्या पदराखाली घातला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बांगड्या वाजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोरेगावात शेठच्या दुकानी ज्वारी चाळीसनं सुटली, आणि नवं पीक येईपर्यंत तिथंच राहिली. आजूबाजूच्या बाजारांत ती चढतच होती. तिथले लोक आम्हाला विचारायचे, तुमच्याकडं काय जादू आहे? आम्ही म्हणायचो, तसं काही नाही.

मी मात्र दोन-तीन दिवसांनी माळ चढलो. मला राहवेना. ती दगडाला पाठ टेकून बसली होती. लिंपण नवं होतं.

"माय, भरलेलं पेव बोलत न्हाई," मी म्हणालो. "रिकाम्यातच आवाज घुमतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागावली नाही. "तुला कवापासून ठावं?"

"लई दिवसांपासून. नाकाला."

"पिठ्या तो पिठ्याच," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं. मुलगा-सुनेसकट सगळा तांडा ऊसतोडीला गेला की माळावर चार म्हातारी माणसं उरायची. तेव्हा ती भर दुपारी एकटी दिवा सोडून पेवात उतरायची आणि टोपली-टोपली काढायची. ज्या घरात चूल थंड असेल तिथं द्यायची. नवी ज्वारी मिळेना, म्हणून परत भरता आलं नाही. एक दिवस हाताला तळ लागला.

"तू खाली उतरायचीस? जिथं भोजू..."

"तो होताच की खाली. मला काय भ्याव?" मग म्हणाली, "शेठला भरलंय असं वाटलं पायजे. तेवढ्यानं भागतं. तू सांगशील का कुणाला?"

"मी कशाला सांगू."

"सांगितलं तर या पोरींना काय भावानं घ्यावी लागंल, ते बघ तूच."

मी शपथ घेतली. मग मी शहाणपणा केला. म्हटलं, माय, ते साधं आहे. गळा चिंचोळा, अर्धा शब्द गळ्यातच अडकला, 'पंचे' गेलं आणि 'चाळीस' तेवढं परत आलं. ती माझं सगळं ऐकून घेत होती, आपण लहान पोराचं ऐकून घेतो तसं.

"पेव रिकामं हाय म्हणजे त्यात दाणे न्हाईत," ती म्हणाली. "कुणी न्हाई, असं मी कुठं म्हणलं?"

खाली उतरताना मी आमच्या शेजारच्या आटलेल्या विहिरीत वाकलो आणि, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, "पंचेचाळीस" म्हणालो. विहिरीनं पंचेचाळीसच परत दिलं, अक्षर न गाळता. विहीर वेगळी, पेव वेगळं, अशी मी स्वतःची समजूत घातली. अजून घालतो.

झमकूमाय गेली तेव्हा तांड्यानं पेव उघडलं नाही. उघडायचं नाही, असं कुणी ठरवलंही नाही. कुणी विषयच काढला नाही. मुरलीशेठ त्याच्या आदल्या वर्षीच वारला होता. कमलेश आता स्वतः पोराबाळांचा झालाय. दर आषाढात तो माळावर जातो, दगडापासून लांब उभा राहतो, आणि झमकूमायच्या सुनेच्या पदराखाली मुकाट्यानं हात घालतो. ती बिचारी सांगते की मी तर काही दाबतच नाही, तोच मान डोलावून जातो. त्याच्या मोबाइलवर जगाचे भाव येतात. ते बघून त्याला वाईट वाटत असेल, पण आमच्याकडं तो चढवत नाही. तो आता दाण्याला भीत नाही, त्या आवाजाला भितो, म्हणून तर शपथ मोडून मी हे लिहितोय.

झमकूमाय मला शेवटची दिसली ती जायच्या थोडे दिवस आधी, तीही दुपारच. त्या सकाळी मी गिरणीच्या दारावर खडूनं दळणाचा नवा भाव लिहिला होता. विजेचं बिल वाढलं होतं, पट्टा नवा घ्यायचा होता, आणि सेनगावपासून सगळ्या गिरण्यांनी वाढवला होता. मीच काय तो मागे राहिलेला. पायलीला पाच, म्हणजे दळणाच्या हिशेबात आख्खा पंजा. लिहिताना मला पोती आत गिरणीत आहेत याची आठवणही झाली नाही.

भिंतीवर कवडसे आले. मग ती. फार वाळली होती. तिनं गाठोडं सोडून ज्वारी गिरणीच्या तोंडात ओतली. पांढरी, टपोरी, दगडी ज्वारी. ओतताना कडकड वाजली. मी ती ज्वारी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. पट्टा फिरला, पीठ खाली तिच्या डब्यात पडायला लागलं, आणि वास आला. ओलसर, आंबूस, धुरकट. आख्खी गिरणी भरली.

"माय," मी म्हणालो, "ही कुठून आणली?"

तिनं ओठावर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी पिठाकडं खूण केली. ते ऐकत होतं. मग तिनं दाराकडं, माझ्या खडूच्या अक्षरांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. पिठाचा डबा तिनं उचलून पोटाशी धरला आणि ओढणीचा पदर माझ्यापुढे डब्यावरून खाली सोडला. दळणाचे पैसेही ती असेच ठरवायची, मला सवय होती. मी हात पुढे केला.

पदराखाली माझा हात कुणीतरी धरला. जाड, राकट, गार हात. पंजा माझ्या पंज्यात पूर्ण आला, आणि मी बोटं मोजली नाहीत, मोजायची गरजच नव्हती. अंगठ्याशेजारची जागा रिकामी होती. मी समोर बघितलं. झमकूमायचे दोन्ही हात डब्याभोवती होते, कोपरांच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्यांनी भरलेले.

तो हात वाट बघत होता. माझी विजेची बिलं, माझा पट्टा, सगळं मला आठवत होतं, आणि मी मान डोलावली. हात सुटला. तिनं पदर काढून घेतला, चार रुपये पोत्यावर ठेवले आणि निघाली. मी दारात येऊन उभा राहिलो. ती उन्हात माळ चढत होती, डबा आता डोक्यावर, एक हात वर डब्याला आणि एक मोकळा हलता, आणि मी कान देऊन ऐकत होतो. पार वर तांड्यात दिसेनाशी होईपर्यंत तिच्या बांगड्या वाजल्या नाहीत.

मी दारावरचा आकडा ओल्या हातानं पुसला. त्यानंतर बिलं किती वाढली ते विचारू नका. माझ्या गिरणीत दळण अजून भोजूच्या भावानंच होतं.